दक्षिण मालदीवची डायव्हिंग सफारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही दहा-बारा मराठी डायव्हर मिळून मालदीवच्या दक्षिण टोकाला आठवडाभर बोटीवर राहायला जातो. गट जमवायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे फोनही मलाच येतात. त्यात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाईने हो किंवा नाही म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

ही सहल नेमकी कुठे आणि कशी असते?

मुंबईहून माले, तिथून देशांतर्गत विमानाने अद्दू या कंकणद्वीपावरचं (अ‍ॅटॉल, म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) गान. बोट गानलाच उभी असते. पुढे सात रात्री मुक्काम बोटीवर. अद्दू, मग फुवाहमुला, मग विषुववृत्त ओलांडून हुवाधू, आणि शेवटी हुवाधूच्या उत्तरेकडच्या कुड्डू विमानतळावरून परत माले. जगभर ज्याला लिव्हअबोर्ड म्हणतात त्याला मालदीवमध्ये सफारी बोट म्हणतात. जेवण, झोप, गप्पा सगळं मोठ्या बोटीवर. डायव्हिंगसाठी मागून एक धोनी, म्हणजे छोटी बोट, येते. टाक्या, कॉम्प्रेसर आणि तुमचं सगळं सामान तिच्यावर असतं, म्हणून झोपायच्या खोलीत ओला सूट नसतो आणि कॉम्प्रेसरचा आवाजही नसतो.

दिवसाला तीन डाइव्ह होतात. पहिली साडेसहाला, चहा-बिस्किटांवर. नाश्ता वर आल्यावर. आठवड्यात एखादी रात्रीची डाइव्ह.

मी मालवणला स्कूबा केलंय. मला येता येईल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि उत्तर ‘अजून नाही’ असं आहे. मालवणला किंवा गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडला वीस-पंचवीस मिनिटं पाण्याखाली नेतात तेव्हा प्रशिक्षक तुमची टाकी धरून असतो. हवा किती उरली, किती खोल आहोत, कान मोकळे झाले का, हे सगळं तो बघतो. तुम्ही फक्त मासे बघता. सुरुवात म्हणून ते फार सुंदर आहे, माझीही तीच होती. पण त्याला प्रमाणपत्र नसतं.

पुढची पायरी ओपन वॉटर कोर्स, तीन-चार दिवसांचा. त्यासाठी २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं यायला हवं. ‘पोहता येत नसलं तरी चालतं’ असं किनाऱ्यावर सांगतात ते त्या पहिल्या अनुभवापुरतं खरं आहे, कोर्सला चालत नाही. आपल्याकडे तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे. शिवाय गोवा, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी, पुदुच्चेरी आणि अंदमान. ओपन वॉटरनंतर अ‍ॅडव्हान्स्ड. आमच्या सहलीसाठी अ‍ॅडव्हान्स्ड आणि लॉगबुकात किमान ५० डाइव्ह अशी अट आहे.

५० डाइव्हची अट जरा जास्त नाही का? माझ्या ३२ आहेत आणि मी तंदुरुस्त आहे.

तंदुरुस्ती चांगलीच, पण इथे ती फारशी कामाची नाही. अद्दू आणि हुवाधूच्या भोवती प्रवाळाची भिंत आहे आणि त्या भिंतीत ठिकठिकाणी खिंडी आहेत. या खिंडीला मालदीवच्या धिवेही भाषेत कंडू म्हणतात. भरती-ओहोटीला आणि मोसमी प्रवाहाला सगळं पाणी याच खिंडींतून आत-बाहेर करतं. इरुवई म्हणजे ईशान्य मोसमात समुद्राचं निळं, स्वच्छ पाणी पूर्वेकडच्या खिंडींतून आत शिरतं, आणि त्या तोंडाशी ग्रे रीफ शार्क नुसते पाण्यावर टेकल्यासारखे उभे असतात. ते बघायलाच आपण फेब्रुवारीत जातो.

म्हणजे पाण्याला जिथे सर्वांत जास्त ओढ, तिथेच आपल्याला जायचं असतं. धोनी खिंडीबाहेर निळ्या पाण्यात सोडते. तिथे पृष्ठभागावर तरंगत बसायला वेळ नसतो. बीसीडी (तरंगणं सांभाळणारं हवेचं जाकीट) रिकामं करून सरळ खाली जायचं, कान भराभर मोकळे करायचे, वाहत-वाहत खिंडीच्या ओठावर पोचायचं, मेलेल्या खडकात रीफ हुक (दोरी बांधलेला आकडा) अडकवायचा आणि पतंगासारखं दोरीवर तरंगत राहायचं. हे करताना एक डोळा हवेच्या काट्यावर. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो आणि हवाही चौपट वेगाने संपते. पहिल्या वीस-पंचवीस डाइव्हमध्ये माणूस स्वतःला सावरण्यातच गुंतलेला असतो. ते सगळं हाताला वळण लागल्यासारखं आपोआप व्हायला लागतं, तेव्हा बाकीचं दिसायला लागतं. ३२ असतील तर अंदमानला एक आठवडा काढा. स्वराज द्वीपाजवळच्या डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्जवर ओढ काय असते ते कळेल. पुढच्या वर्षी आपण एकत्र जाऊ.

सर्दी असेल तर गोळी घेऊन डाइव्ह करता येते का?

नाही. याचं उत्तर मी अनुभवावरून देतो. एका सहलीत तिसऱ्या दिवशी माझं नाक चोंदलं. सकाळची डाइव्ह मोठी होती, सगळे जाणार होते, आणि मी नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरलो. खाली जाताना काहीच वाटलं नाही. वर येताना १२ मीटरवर गोळीचा असर ओसरला आणि कपाळाच्या पोकळीत अडकलेली हवा फुगायला लागली. डोळ्याच्या वर कोणी आतून खिळा ठोकतंय असं वाटत होतं. आणि वर तर यावंच लागतं. मी एकेक फूट चढलो, माझा बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, माझा हात धरून थांबला. मास्कमध्ये रक्त होतं. माझ्यामुळे त्याचीही डाइव्ह संपली. पुढचे तीन दिवस मी डेकवर बसून काढले.

म्हणून आमच्या बोटीवर एक पक्का नियम आहे. कोणीही, कधीही, अगदी टाकी पाठीवर चढवल्यावरसुद्धा ‘आज नको’ म्हणू शकतं, आणि कारण विचारायचं नाही. पैसे भरलेत, एवढ्या लांब आलोय, बाकीचे काय म्हणतील, या तीन गोष्टींनी डायव्हर जितके अडचणीत येतात तितके शार्कमुळे येत नाहीत. निवड करताना मी कोण किती खोल गेलंय हे बघत नाही. कोणाला प्रामाणिकपणे नाही म्हणता येतं ते बघतो.

ब्रिटिश लॉयल्टी या बुडालेल्या जहाजाबद्दल सांगा.

हे जहाज दोनदा मारलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी अद्दूला गुपचूप आरमारी तळ उभारला होता. त्याचं सांकेतिक नाव पोर्ट टी. ब्रिटिश लॉयल्टी हे तेलवाहू जहाज मे १९४२ मध्ये मादागास्करच्या दिएगो सुआरेझ बंदरात होतं. तिथे एका छोट्या जपानी पाणबुडीच्या पाणतीराने ते बुडालं. ते वर काढलं गेलं आणि अद्दूला आणून तेल साठवायच्या कामी लावलं गेलं. ९ मार्च १९४४ ला यू-१८३ या जर्मन पाणबुडीने कंकणद्वीपाच्या बाहेरूनच, खिंडीतल्या संरक्षक जाळ्याच्या फटीतून पाणतीर सोडला आणि तो बरोबर याच जहाजाला लागला. जहाज तगलं, पण कामाचं राहिलं नाही. युद्ध संपल्यावर जानेवारी १९४६ मध्ये ब्रिटिशांनीच ते लगूनमध्ये, म्हणजे कंकणद्वीपाच्या आतल्या पाण्यात, बुडवलं.

जवळपास १४० मीटर लांबीचं हे धूड ३३ मीटरवर एका कुशीवर पडलंय. वरची बाजू सोळा-सतरा मीटरवरच लागते. लगूनच्या आत असल्यामुळे पाणी खिंडीइतकं काचेसारखं नसतं. दोर धरून खाली जाताना आधी फक्त एक हिरवट सावली दिसते, मग ती सावली संपतच नाही. पत्र्यावर ऐंशी वर्षांचं प्रवाळ चढलंय, इतकं की हात लावायला लोखंड सापडत नाही, आणि हात लावायचाही नाही. पाणतीराचं भोक माणूस आरामात मावेल एवढं आहे. त्याच्या कडा आतल्या बाजूला वळलेल्या आहेत. गेल्या वेळी मी त्या कडेशी थांबलो होतो. वळलेल्या पत्र्याच्या दुमडीत नखाएवढी कोळंबी बसली होती, तिच्या मिशा फक्त बाहेर. मागून काचमाशांचा थवा भोकातून बाहेर आला आणि परत आत गेला, कोणी पडदा सारावा तसा.

आत शिरण्याची परवानगी मी देत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं, आणि गाळ उठला की दिवा असूनही बाहेरची वाट दिसत नाही.

फुवाहमुलाचे टायगर शार्क खरंच इतके जवळ येतात? ते सुरक्षित आहे का?

जवळ येतात. कधी कधी हाताच्या अंतरावर. फुवाहमुला हे एकाच बेटाचं कंकणद्वीप आहे, त्याला लगून नाही. बेटाच्या पायथ्यापासून समुद्र एकदम खोल होतो. बंदरात कोळी ट्यूना साफ करतात, डोकी आणि आतडी पाण्यात टाकतात, आणि टायगर शार्क वर्षानुवर्षं त्या वासाला तिथे येत आले आहेत. डाइव्ह बंदराच्या तोंडाजवळच होते, उथळ पाण्यात. स्थानिक गाइड ट्यूनाची डोकी दगडांखाली दाबून ठेवतात. आपण एका ओळीत तळाशी गुडघे टेकून बसायचं. हात छातीशी. चमकणारं काहीही नको, पांढरे किंवा पिवळे फिन्सही नकोत. पाठीमागे आणि बाजूला गाइड काठी घेऊन असतात. शार्क समोरून येतो तेव्हा त्याच्याकडे बघत राहायचं. तो वळून मागून येत असेल तर तुम्हीही वळायचं. पाठ दाखवून पळायचं नाही.

सुरक्षिततेचं वचन मी देणार नाही, कारण साडेतीन-चार मीटरच्या जनावराच्या वतीने मला बोलता येत नाही. नियम पाळणाऱ्या गाइडबरोबर, शांत डायव्हरांच्या छोट्या गटात मी तिथे निर्धास्तपणे उतरतो, एवढंच सांगतो.

आमिष घालणं योग्य की अयोग्य यावर आमच्या गटातही एकमत नाही. माझं मत असं: कोळ्यांच्या कचऱ्यावर शार्क येणं हे आधीपासूनचं आहे. माणसांना दाखवण्यासाठी मुद्दाम आमिष ठेवणं मला अस्वस्थ करतं. दुसऱ्या पारड्यात ही गोष्ट आहे की मालदीवने २०१० मध्ये शार्कच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली, आणि आज जिवंत शार्कवर बेटाचं पोट चालतं. ज्यांना नको वाटतं त्यांनी त्या दिवशी बेटाच्या दुसऱ्या टोकाला डाइव्ह करावी. तिथे थ्रेशर शार्क पहाटे दिसू शकतात.

किती खोल जायचं? नायट्रॉक्स लागतंच का?

मालदीवच्या कायद्याने हौशी डायव्हिंगला ३० मीटरची मर्यादा आहे आणि डिकॉम्प्रेशन (अंगात मुरलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना टप्प्यांनी थांबणं) करावं लागेल अशी डाइव्ह करायला मनाई आहे. खाली कितीही मोठा हॅमरहेड शार्क दिसला तरी ही मर्यादा बदलत नाही.

नायट्रॉक्सचा कोर्स करूनच या. साध्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो, आपण ३२ टक्क्यांचं मिश्रण वापरतो, तेच नायट्रॉक्स, म्हणजे अंगात नायट्रोजन कमी मुरतो. कोष्टकाप्रमाणे ३० मीटरवर साध्या हवेवर पहिल्या डाइव्हला २० मिनिटं मिळतात, ३२ टक्क्यांवर ३०. सहा दिवस रोज तीन डाइव्ह करताना हा फरक जाणवतो. प्रत्येक टाकी स्वतः अ‍ॅनालायझर लावून तपासायची आणि वहीत सही करायची. दुसऱ्याने तपासलेल्या टाकीवर उतरायचं नाही, मग तो मी का असेना.

पहिली डाइव्ह सगळ्यांसाठी सोपी, लगूनमधली असते. प्रशिक्षकसुद्धा त्यातून सुटत नाहीत.

काही झालं तर उपचार कुठे? विमा लागतो का?

डायव्हिंगचा वेगळा विमा नसेल तर बोटीवर घेत नाही. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कूबा बहुतेक वेळा वगळलेलं असतं किंवा खोलीची मर्यादा असते, ती बारीक अक्षरं आधी वाचा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा किंवा तशाच प्रकारचा विमा घ्या, ज्यात रीकॉम्प्रेशन चेंबर (डायव्हरवर पुन्हा दाब देऊन उपचार करायची बंद खोली) आणि तिथवर पोचवण्याचा खर्च येतो. बोटीवर प्राणवायूचा साठा असतो आणि तो द्यायचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना असतं. पण आपण राजधानीपासून काही शे किलोमीटर दूर असतो, आणि मदत मिळायला वेळ लागतो हे धरूनच प्रत्येक डाइव्ह आखायची.

दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, छातीचं किंवा कानाचं ऑपरेशन, यांपैकी काहीही असेल तर फॉर्मवर लिहा आणि डॉक्टरांची सही आणा. पंचेचाळिशीच्या पुढच्यांनी हृदयाची तपासणी करून यावं. गरोदरपणात डायव्हिंग करू नये.

पाळी चालू असेल तर शार्कचा धोका वाढतो का?

तसा पुरावा नाही. आमच्या गटातल्या बायका त्या दिवसांत टायगर शार्कबरोबरही उतरल्या आहेत. बरं वाटत नसेल तर ‘आज नको’ हा नियम आहेच.

बोट लागते. काय करू?

लगूनच्या आत पाणी तळ्यासारखं असतं. त्रास होतो तो फुवाहमुलाच्या वाटेवर आणि पुढे हुवाधूला जाताना, कारण तिथे उघडा समुद्र आहे आणि हा पट्टा बहुतेक रात्री कापतात. उलटीची गोळी बोट हलायच्या आधी घ्यायची, नंतर उपयोग नाही. काही गोळ्यांनी झोप येते, म्हणून घरी असताना एकदा घेऊन बघा आणि डायव्हिंगबरोबर चालेल का ते डॉक्टरांना विचारा. खालच्या खोलीत पडून फोन बघू नका, डेकवर या आणि क्षितिजाकडे बघा. आल्याच्या वड्या मी दरवर्षी डबा भरून आणतो.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, आधी सांगितलं तर. दक्षिणेत भाजीपाला सगळा बाहेरून येतो, आयत्या वेळी काही मिळत नाही. डाळ, भात, भाज्यांची आमटी आणि रोशी रोज असते. रोशी म्हणजे आपली पोळीच. न्याहारीला मस हुनी असते, ट्यूना, ओलं खोबरं, कांदा आणि लिंबू. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाला ती पहिल्या घासात आवडते. आचाऱ्याला सांगितलं तर तो शाकाहाऱ्यांसाठी मासा न घालता नुसत्या खोबऱ्याची करून देतो.

एक सांगावंसं वाटतं. धिवेही ही आपल्याच भाषांच्या कुळातली आहे. मासा म्हणजे मस, साखर म्हणजे हकुरु. जेवणानंतर खलाशांबरोबर बसून एक ते दहा मोजून बघा, अर्धे आकडे ओळखीचे निघतात. ज्या अ‍ॅटॉल शब्दाला आपण कंकणद्वीप म्हणतो, तो इंग्रजीने यांच्याच अतोळु या शब्दावरून घेतला.

दारू, कपडे, रीतीरिवाज?

देशात दारू आणि डुकराचं मांस आणता येत नाही, विमानतळावर सामान तपासतात. परवाना असलेल्या बोटींवर दारू मिळते, पण ती घेतली की त्या दिवसाचं डायव्हिंग संपलं. वस्तीच्या बेटावर उतरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतोय. त्या काळात दिवसभर उपाशी-तहानलेले खलाशी आपल्या टाक्या उचलत असतात. सूर्यास्ताला त्यांना निवांत रोजा सोडता यावा म्हणून तेव्हा आम्ही रात्रीची डाइव्ह ठेवत नाही.

डाइव्ह न करणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला आणू का?

या सहलीला नको. दिवसभर बोटीवर एकटं बसावं लागतं आणि स्नॉर्कलिंगलाही ओढ जास्त असते.

खर्चात काय काय धरायचं?

बोटीचं भाडं, आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत विमान, नायट्रॉक्स, विमा, खलाशांची बक्षिसी. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून सफारी बोटीवर प्रत्येक परदेशी माणसामागे रात्रीला १२ डॉलर हरित कर आहे, तो भाड्यात धरलाय का ते विचारून घ्या. भारतीयांना पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही. प्रवासाआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो.

प्रवाळ मेलंय असं ऐकतो. मग कशाला जायचं?

१९९८ आणि २०१६ मध्ये समुद्र तापला आणि मालदीवचं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. २०२४ मध्ये पुन्हा जगभर तेच झालं. काही उथळ भागांत तुम्हाला नुसता चुरा दिसेल आणि तो बघून वाईट वाटेल. पण त्याच चुऱ्यावर तळहाताएवढ्या नव्या फांद्याही दिसतात. एका ठरावीक खडकाचा फोटो मी दरवर्षी त्याच कोनातून काढतो. मध्यंतरी तो बोडका होता, आता त्यावर टेबल प्रवाळाची ताटं आहेत, सर्वांत मोठं ताट परातीएवढं. एक फिन चुकून लागला तर ते मोडेल. म्हणून तरंगण्यावर ताबा नसलेल्यांना मी खिंडीच्या ओठावर नेत नाही. शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलू नका. प्रवाळ आणि कासवाच्या कवचाच्या वस्तू देशाबाहेर नेणं तर गुन्हाच आहे.

सामानात काय आणायचं?

स्वतःचा मास्क, डाइव्ह कॉम्प्युटर, एसएमबी (आपण कुठे आहोत ते बोटीला दिसावं म्हणून वर सोडायचा फुगा), रीफ हुक आणि दिवा. पाणी २७ ते ३० अंश असतं, तीन मिलिमीटरचा सूट पुरतो. देशांतर्गत विमानात वजन कमी चालतं, म्हणून कपडे अगदी थोडे. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाला पुरवणारं यंत्र) हातातल्या पिशवीत ठेवा.

शेवटच्या दिवशी डाइव्ह का नसते?

एकामागून एक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जावे लागतात, आम्ही २४ ठेवतो. लोक मुंबईच्या विमानाची वेळ मोजतात आणि कुड्डू ते माले हेसुद्धा विमानच आहे हे विसरतात. त्या शेवटच्या दिवशी सामान गोड्या पाण्यात धुऊन डेकवर वाळत घालायचं असतं. संध्याकाळी लॉगबुकं निघतात. कागदी लॉगबुक आणा. धोनीचा कप्तान प्रत्येकाच्या वहीत धिवेहीत, उजवीकडून डावीकडे, त्या दिवशीच्या खिंडीचं नाव लिहून देतो.